लांब शेपटीचे सात

२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आहेत, पण जरा बेतानं वापर. तुझ्या साहेबांच्या निमंत्रणानं माझे बरेचसे संपवलेत.

छापील कार्ड आलं. सोनेरी अक्षरं आणि वर कासवाचं चित्र. ते कासव आपलं नाहीच, समुद्रातलं आहे, पायांच्या जागी वल्ही आहेत त्याला. ज्या खात्याला आपलं कासव ओळखता येत नाही, ते खातं तीस एप्रिलला जाहीर करणार की पितळी कासव वाचलं. का, तर यंदाच्या मोजणीत तळ्यात दोनशे बारा भरली. आणि त्याच दिवशी, मी बावीस वर्षं जिथे राबले त्या उबवणीघराला माझं नाव देणार. पाटी तयार आहे म्हणे. मी अजून जिवंत आहे हे कुणी त्यांच्या कानावर घातलंय का?

दोनशे बारा. आमच्या या इमारतीत साधारण तेवढीच माणसं राहतात. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीत काहीतरी पडून कुजलं आणि एका दिवसात अर्धी इमारत आडवी झाली. अख्ख्या जगातली पितळी कासवं म्हणजे आमचे तीन जिने, आणि तुझे साहेब त्यावर फीत कापायला निघालेत.

तू त्यांना समजावून सांग. म्हणजे आधी तू समजून घे, मी सावकाश लिहिते. तुझ्या आजोबांना ओळीनं पाच मुली झाल्या, मी त्यातली चौथी. सहावा तुझा बाप. म्हणून काही जगातले मुलगे संपले नाहीत, समोरच्याच घरात चार होते. हजार घरं असली की याचं कमी, त्याचं जास्त, सगळं सारखं होऊन जातं. एकच घर असलं की पाच मुलींपाशी गोष्ट संपते. थोडक्यांचं असंच असतं. पुष्कळ असले तर नशीब इकडून घेतं, तिकडून देतं. थोडे असले तर एकदाच घेतं. एक पूर, एक रोग, तेलाचं एक पिंप तळ्यात उलटलं, की बस. त्यात ही सगळी एकमेकांची चुलत-मावस भावंडं. त्यांच्यातच जोड्या लागतात आणि वाकड्या पाठीची पिल्लं निघतात. एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगात थंडी सोसायचा गुण असतो, तो म्हातारा मेला की तो गुण कायमचा गेला, कारण दुसऱ्या कुणात तो नसतोच. तळं मोठं, जनावरं थोडी, तेव्हा नराला मादी सापडत नाही. दोघं दोन टोकांना चिखलात बसून म्हातारी होतात. यातलं काहीही दोनशे बारा म्हटल्यानं सुटत नाही.

तरी जो काही आकडा आहे तो कुणामुळे, हे तुला सांगायला नको. वीस वर्षांपूर्वीच्या पुरात काठावरच्या वाळूतली सगळी अंडी गेली. पुढच्या वर्षापासून मी अंडी उचलून आत आणली, विश्रामगृहाच्या बॉयलरला लागून असलेल्या खोलीत. उबदार, कोरडी, कुलपात. काठावर पिल्लू निघायला पंचाहत्तर दिवस लागायचे, माझ्या खोलीत त्रेपन्नाव्या दिवशी बाहेर. सोळा हंगाम केले, शंभरातली दोनसुद्धा अंडी वाया गेली नाहीत.

आणि हे करताना मला शिकवायला कोण आलं होतं, तर तो सुईवाला. जनावरांचा नवा डॉक्टर, अंगाचा कॉलेजचा वास अजून गेला नव्हता. भिंतीला हात लावून म्हणतो, बाई, इथे जास्त गरम आहे, जरा बोलायचं होतं. म्हटलं, अंडी मी उबवते, तुम्ही सुया उकळा. त्याच्यासाठी चहा टाकला होता, तो त्याच्यादेखत मोरीत ओतला. दारात उभा राहून काहीतरी सांगतच होता, तरी दार लावून घेतलं. आजही आठवलं की दोन घास जास्त जातात.

गेल्या हंगामात किती अंडी होती आणि किती फुटली ते कळव. फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि तू नुसता हं हं करतोस.

तुझी,
आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र उभ्यानंच वाचलं, बसायचा धीर झाला नाही.

साहेबांना समजावायला गेलो होतो. पाच मुलींची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तुमच्या घरच्या भानगडी मला कशाला सांगता?" मग तेलाच्या पिंपाचं सांगितलं. ते म्हणाले की तळ्याकाठी पिंप ठेवायला आपण मनाई करू, तसा फलक लावू. फलकाचा मजकूर मलाच करायला सांगितलाय. तूच त्यांना लिही. तुझं नाव निघालं की ते खुर्चीतून अर्धे उठतात, माझं निघालं की घड्याळ बघतात.

तू विचारलंस म्हणून सांगतो. गेल्या हंगामात एकशे चाळीस अंडी होती, शंभर फुटली. अठ्ठ्याहत्तर दिवस लागले. त्याच्या आदल्या वर्षीही साधारण असंच. तू रागावशील हे माहीत आहे.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या वेळची तापमानाची वही कुठे आहे? कपाटात मिळाली नाही. आणि तू कामाला लागलीस तेव्हा तळ्यात लांब शेपटीची कासवं बरीच दिसायची का? सहज विचारतोय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माद्या काठावर येतील. वाळू चाळून ठेवली आहे.

तुझा,
ठोंब्या

१९ फेब्रुवारी

ठोंब्या,

चिरंजीव वगैरे लिहायचं मुद्दाम टाळलंय.

चाळीस अंडी. मी चष्मा पुसून परत वाचलं. सबंध जगात ज्या जनावराची दोनशे डोकी उरलीत, त्याची चाळीस अंडी तू एका हंगामात कुजवलीस, आणि हे मला अशा सुरात कळवतोस की दूध उतू गेलं. आदल्या वर्षीही असंच म्हणे. खोली तीच, बॉयलर तोच, मी जाताना तापमापकाला लाल दोरा बांधून दिला होता आणि म्हटलं होतं की याला हात लावू नकोस. अठ्ठ्याहत्तर दिवस लागतात याचा अर्थ मला कळतो. तू रात्री बॉयलर बंद करून ढाराढूर झोपतोस.

तुझ्या बापानं तुला माझ्या हाताखाली दिलं तेव्हाच मी म्हटलं होतं, पोरगं गरीब आहे, पण हाताला काम लागत नाही. बापाला वाटलं कौतुक करतेय. कासवांबरोबर राहून तू त्यांच्यासारखा सावकाश झालास, एवढाच काय तो तुझ्यावर झालेला परिणाम. त्यांना निदान वर कवच तरी आहे.

मी तुला शहाणपण लिहून पाठवते की थोडे असले की एकेक जीव मोलाचा, आणि तू खालून त्यालाच भोक पाडून ठेवलंयस. उद्या साथ आली तर म्हणू नशीब. याला काय म्हणायचं? मला आपल्या घराण्याची लाज वाटली असं लिहिणार होते, पण घराण्यात मीही आहे.

वही वरच्या फळीवर, जुन्या जाळ्यांच्या मागे आहे. बघ आणि शीक. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद आहे, एक दिवस चुकलेला नाही. लांब शेपटीचे म्हणशील तर हो, पूर्वी पुष्कळ दिसायचे. ओंडक्यावर ओळीनं ऊन खात बसायचे, मादी जवळून गेली की एकामागून एक पाण्यात. माझ्या खोलीतले अजून वयात यायचेत, म्हणून दिसत नसतील. येतील.

साहेबांना मी आज वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात काय आहे ते तुला कळेलच.

आत्या

१२ मार्च

ती. आत्या,

तुझ्या पत्रात काय होतं ते कळलं. साहेबांचा हुकूम आला, जसाच्या तसा उतरवतो: "निवृत्त प्रमुख बाईंच्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन, या हंगामातील सर्व अंडी मूळ उबवणी खोलीत तेहतीस अंशांवर ठेवावीत. खोलीची किल्ली कार्यालयात जमा करावी. सध्याच्या प्रमुखांची बदली जावक विभागात करण्यात येत आहे." तेव्हा मी सध्या पाकिटांवर तिकिटं चिकटवतो. तुझ्या समारंभाची उरलेली निमंत्रणं माझ्याच हातून जातायत.

माद्या सहा तारखेला आल्या. एकशे एकतीस अंडी. सगळी आत आहेत, तेहतीस अंशांवर, तुझ्या भिंतीला लागून. आता तुला सगळं सांगतो, कारण आता तुला जपायचं काही कारण उरलं नाही.

मी बॉयलर बंद करून झोपत नव्हतो. दोन हंगाम मी अंडी त्या खोलीत ठेवलीच नाहीत. काठावरच्या वरच्या अंगाला, झाडाखाली, पूर पोचणार नाही अशा जागी वाळूत पुरली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबांना सांगून उपयोग नव्हता, आणि तुला सांगायचं नव्हतं. निदान ती पाटी लागेपर्यंत तरी.

पितळी कासवाचं पिल्लू बघून नर की मादी कळत नाही, आठ वर्षांनी शेपटी सांगते. नराची लांब आणि जाड, मादीची आखूड. हे तूच मला शिकवलंस. तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही खुणा करायला मोठी कासवं पकडली. एकशे अठरा. त्यातली एकशे अकरा आखूड शेपटीची. लांब शेपटीचे फक्त सात. मी कवचाच्या कडेला पिल्लूपणीच पाडलेल्या खाचा बघितल्या. ते सातही तुझ्या आधीच्या प्रमुखांच्या खाचांचे, म्हणजे काठावरच्या वाळूत निघालेले, सगळे पंचेचाळीशीच्या पुढचे. माद्यांमध्ये चौदा जुन्या आहेत. बाकी सत्त्याण्णव तुझ्या खोलीतल्या. तुझ्या खोलीतून निघालेला एकही नर तळ्यात नाही. ते वयात यायचेत म्हणून नाही. ते नाहीतच.

पाच मुली ओळीनं झाल्या तर ते नशीब, हे पटलं. सत्त्याण्णव ओळीनं झाल्या तर?

मी त्या सुईवाल्याला शोधून काढलं. आता त्याची मिशी पिकायला लागलीय, दुसऱ्या शहरात जनावरांच्या डॉक्टरांना शिकवतो. त्याचं उत्तर चार ओळींचं होतं: "कासवाच्या अंड्यात नर की मादी हे ऊब ठरवते. जास्त ऊब मिळाली की सगळ्या माद्या. तेहतीस म्हणजे फारच झालं. हेच मी दारातून सांगत होतो."

तुझी वही सापडली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, पानंच्या पानं. एका सकाळी बत्तीस आहे. त्याच्या शेजारी तू लिहिलंयस, "आळशीपणा. पुन्हा होऊ नये."

माझी चाळीस अंडी गेली हे खरं आहे. बाहेर काही जातातच, ती पूर्वीही जायची. त्यातल्या चौदांमध्ये पिल्लू पुरतं तयार झालेलं होतं. ती मी सुईवाल्याकडे पाठवली, त्यानं उघडून पाहिली. नऊ नर निघाले. तुझ्या मते मी जी फुकट घालवली त्यांनीच हे सांगितलं. उरलेली पिल्लं टाक्यांत वाढतायत, त्यांतही नर असणार, पण त्यांना कामाचं व्हायला बारा-चौदा वर्षं आहेत. तोवर हे सात म्हातारे टिकले पाहिजेत आणि दरवर्षी त्यांच्यामागे आणखी आले पाहिजेत. म्हणून एकेक हंगाम महत्त्वाचा आहे, आणि हा हंगाम तू साहेबांच्या कुलपात नेऊन ठेवलास.

तेहतीस अंशांवर साधारण अठराव्या दिवसापासून नर-मादी ठरायला लागतं. म्हणजे चोवीस मार्च. त्यानंतर अंडी कुठेही ठेवली तरी उपयोग नाही. माझं कुणी ऐकणार नाही, मी तिकिटं चिकटवणारा आहे. तुझं ऐकतील.

मी सावकाश आहे, कबूल. पण मी शेपट्या मोजल्या, आत्या. तू सोळा वर्षांत मोजल्या नाहीस.

ठोंब्या

१७ मार्च

ती. आत्या,

तुझं उत्तर नाही. आणखी एक कळवायचं राहायला नको म्हणून लिहितो.

काल समारंभासाठी तळ्यात नव्या मोटरबोटीची चाचणी घेतली. पाहुण्यांना फेरी मारायची आहे. एक नर पंख्यात सापडला. ओंडक्याजवळचा, डाव्या डोळ्यानं आंधळा होता तो. नावाड्यानं गोणपाटात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला, कारण प्रमुखाच्या टेबलावर कुणीच बसत नाही.

आता सहा.

ठोंब्या

२० मार्च

चि. ठोंब्यास,

तुझं बारा तारखेचं पत्र पहिलं पान वाचून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. संध्याकाळी काढलं, पुसलं आणि उरलेलं वाचलं. मग चार दिवस काही लिहिलं नाही. तुला वाटलं असेल म्हातारी फुगून बसली. फुगूनच बसले होते. तू हे सगळं रचलंयस, त्या सुईवाल्यानं डूख धरलाय, तुम्ही दोघं मिळून माझी पाटी उतरवायला निघालात, अशी चार दिवस मनात उजळणी केली. पण ते बत्तीस माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. ती सकाळ मला आठवते. बॉयलर विझला होता आणि मी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. त्या हंगामात तो महिनाभर विझलेला राहिला असता तर आज ओंडक्यावर माझे दहा-बारा तरी बसले असते.

आज सकाळी तुझं दुसरं पत्र आलं. पायात चपला घातल्या आणि तुझ्या साहेबांच्या मुख्य कार्यालयात गेले. इथून दोन चौकांवर आहे, बावीस वर्षांत त्यांना मी कधी भेटायला गेले नव्हते आणि ते बरंच होतं असं आता वाटतं. त्यांच्या टेबलावर काचेचं कासव आहे. तेही समुद्रातलंच.

मला बघून खुर्चीतून पुरते उठले. "बाई, तुम्ही आमच्या खात्याची शान." म्हटलं, बसा, तुमच्या खात्याच्या शानेनं सोळा वर्षं माती खाल्ली आहे. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. हसले. मग सगळं सांगितलं. शेपट्या, ऊब, वही. ते ऐकून घेऊन म्हणतात, "पण आकडा दोनशे बारा आहे." म्हटलं, तुमचा आकडा सहा आहे. लांब शेपटीचे सहा, सगळे म्हातारे, एकाच तळ्यात, आणि सातव्याला तुम्ही परवा पाहुण्यांच्या फेरीसाठी चिरलात. मग विचारतात, "हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?" म्हटलं, सांगायला आला होता एक जण. मी दार लावलं.

एवढं झाल्यावरही त्या माणसाची चिंता काय, तर कार्डं गेली आहेत. मी म्हटलं, मी येते ना समारंभाला. माईक माझ्या हातात द्या, मला कमी ऐकू येतं पण बोलता छान येतं. जे आत्ता सांगितलं तेच सगळ्या पाहुण्यांसमोर सांगते, वही घेऊन येते. नाहीतर हा कागद घ्या आणि सही करा. त्या माणसानं आयुष्यात कधी एवढ्या चपळाईनं पेन शोधलं नसेल. तुला परत जागेवर बसवल्याचा, किल्ली तुझ्या हातात देण्याचा आणि मोटरबोट बंद करण्याचा हुकूम सोबत आहे. माझ्यासमोर तळ्याच्या कार्यालयात फोनही करायला लावला. मला ऐकू आलं नाही म्हणून दोनदा.

आता तुला एक लिहायचं राहिलंय. फेब्रुवारीत मी मोठी शहाणी होऊन थोडक्यांचे धोके लिहिले होते. पूर, रोग, पिंप, भावंडांतल्या जोड्या. सगळ्यात मोठा लिहिला नव्हता. थोडे असले की एक शहाणी बाई पुरते. शंभर तळ्यांत लाखभर कासवं असती तर माझ्या एका खोलीनं, माझ्या तेहतीस अंशांनी कुणाचं काही बिघडलं नसतं. इतरांनी भरून काढलं असतं, मी मिरवत राहिले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण सगळ्या जगातली होती तेवढी अंडी माझ्याच कुलपात होती. मी चूक केली तेव्हा बरोबर करणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. एक आलं होतं, त्याचा चहा मी मोरीत ओतला.

मला फार वाईट वाटतंय. हे तुला दुसऱ्यांदा लिहिणार नाही, तेव्हा नीट वाच.

आणि तू. दोन वर्षं हे पोटात ठेवलंस, माझ्या शिव्या खाल्ल्यास आणि वर म्हणतोस मला जपत होतास. पुन्हा कुणाला असं जपू नकोस, जनावरं मरतात त्यानं. एवढं सोडलं तर तू माझ्यापेक्षा बरा निघालास. पत्र फाडू नकोस, तुझ्या बापाला दाखव.

आत्या

२४ मार्च

ती. आत्या,

नमस्कार, या वेळी बसून लिहितोय.

फोन आला त्याच संध्याकाळी किल्ली मिळाली. चौदावा दिवस होता. मी आणि नावाड्यानं मिळून एकेक अंडं जसं होतं तसं, वरची बाजू वरच ठेवून, बाहेर नेलं. साठ झाडाखालच्या वाळूत, चाळीस मागच्या थंड खोलीत, आणि एकतीस तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाळीखाली. सगळी एका जागी नको. एखादा पूर किंवा एखादा मी, कशानंही सगळी जायला नकोत. काही फुटणार नाहीत. तू आता ओरडणार नाहीस अशी आशा आहे.

सहाही म्हातारे काल ओंडक्यावर दिसले. नावाड्यानं हाका मारून मला बोलावलं.

समारंभ पुढे ढकललाय, कारण साहेबांची प्रकृती. कार्ड मिळालेल्या सगळ्यांना तसं पत्र गेलं, तिकिटं नव्या माणसानं उलटी चिकटवली. तुझी पाटी मात्र आली आहे, जाड पितळेची. खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून उभी केलीय. तिचं काय करू ते कळव.

सुईवाल्याचा पत्ता खाली दिला आहे. तू मागितला नव्हतास.

तुझा,
ठोंब्या

२ एप्रिल

डॉक्टरसाहेबांस,

तुम्ही मला ओळखाल, नाव लिहायची गरज नाही. वीसेक वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या खोलीच्या भिंतीला हात लावला होता.

माझ्या भाच्यानं तुम्हाला सगळं कळवलंच आहे. तुम्ही नऊ नर मोजून दिलेत हेही समजलं. मी त्या दिवशी तुमचा पाणउतारा केला आणि पुढे तो किस्सा भेटेल त्याला रंगवून सांगितला. लोक हसायचे. हसणाऱ्यांत मी पहिली. तळ्यात आज सहा नर आहेत, आणि तुमचं बोलणं मी पाच मिनिटं ऐकून घेतलं असतं तर किती असते, हा हिशेब मी रोज घालते आणि रोज चुकते, कारण सोळा हंगाम माझ्या हाताच्या बोटांवर मावत नाहीत.

माझ्या नावाची एक पाटी झाली आहे. ती उबवणीघराच्या दारावर लावायला मी भाच्याला सांगितलं, पण तिच्याखाली माझ्या वहीतलं एक पान काचेत घालून लावायचं, ज्यावर बत्तीस लिहिलंय आणि शेजारी माझा शेरा आहे. त्या खोलीत यापुढे जो येईल तोही स्वतःला शहाणा समजणाराच असेल. आत शिरण्याआधी त्यानं ते वाचावं.

भाचा म्हणतो, या महिन्याच्या शेवटी तुम्ही अंडी बघायला तळ्यावर जाणार आहात. वाटेत हे शहर लागतं. स्टेशनपासून दहा मिनिटं, तिसरा मजला, जिना जरा उभा आहे. मला कमी ऐकू येतं, तेव्हा या वेळी दारातून सांगू नका. आत येऊन, समोर बसून, मोठ्यानं सांगा. तुमचा चहा राहिला आहे.

आत्या